मालवणात स्कूबा केलंय. अंदमानला जाण्याआधी कोर्स तारकर्लीत करावा की तिकडेच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं कणकवलीचे, मालवणात दोनदा स्कूबा केलंय आणि फेब्रुवारीत सात दिवस अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर फक्त डायव्हिंगसाठी जाताय. तेवढा अनुभव पुरेल का, ओपन वॉटर कोर्स (स्वतःच्या जबाबदारीवर डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स) इथे करावा की तिकडे, आणि वहिनींचे कान मागच्या वेळी दुखले म्हणून त्यांना अर्ध्यातून वर यावं लागलं, त्याला उपाय काय?

थिअरी आणि तलावातला भाग इथेच उरकून जा. बेटावरचा एकेक दिवस महाग असतो. त्यातले दोन दिवस व्हिडिओ बघण्यात आणि उथळ पाण्यात गुडघ्यावर बसून मास्क रिकामा करण्यात घालवू नका. डायव्हिंगचे कोर्स आणि कार्ड देणाऱ्या पाडी (PADI) या संस्थेच्या पद्धतीत त्यासाठी रेफरलची सोय आहे. थिअरी आणि तलावातली पाच सत्रं एका ठिकाणी पूर्ण करायची, तिथल्या इन्स्ट्रक्टरकडून सहीचा रेफरल फॉर्म घ्यायचा आणि समुद्रातल्या चार डाइव्ह बारा महिन्यांच्या आत दुसरीकडे करायच्या. एसएसआय (SSI) या दुसऱ्या संस्थेतही असं करता येतं, पण दोन्हीकडची संस्था एकच आहे ना, हे पैसे भरण्याआधी विचारा. तारकर्लीला एमटीडीसीच्या डायव्हिंग संस्थेत शिकवण्यासाठी बांधलेला ८ मीटर खोल तलाव आहे. कानांचा सराव आणि तरंगण्यावरचा ताबा यासाठी असं खोल, स्वच्छ, लाट नसलेलं पाणी सोन्यासारखं आहे.

मालवणात किल्ल्याभोवती जे केलंत ते पाण्याची भीती जायला उत्तम, पण ते शिक्षण नव्हे. गाइड मागून सिलिंडर धरतो, तरंगण्यासाठी अंगात घातलेल्या जॅकेटमध्ये हवा तोच भरतो, किती खोल जायचं आणि वर कधी यायचं हे तोच ठरवतो. तुम्ही चार ते सहा मीटरवर पंधरा-वीस मिनिटं श्वास घेतलात, इतकंच. ओपन वॉटरचं कार्ड १८ मीटरपर्यंतचं असतं, म्हणजे आपल्या खलाशांच्या हिशेबात दहा वाव पाणी. तिथे तुम्हाला कोणी धरत नाही. कोर्ससाठी २०० मीटर पोहणं (वेळेचं बंधन नाही) आणि दहा मिनिटं तरंगणं आलंच पाहिजे. येत नसेल तर आधी ते शिका.

चारही डाइव्ह मालवणात करून कार्ड घेऊनच जायचं असेल तर तेही चालेल, फक्त दिवस नीट निवडा. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ. सकाळी जमिनीकडून येणारा मतलई वारा असेपर्यंत समुद्र सपाट असतो. अकरानंतर समुद्राकडून खारा वारा सुटला की लाट उठते आणि तळाची माती वर येते. कॅलेंडरवर तिथी बघून ठरवा: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात ओढतं आणि ढवळतं, सप्तमी ते नवमीच्या भांगाला ते शांत असतं. देवबागला कर्लीचं मुख आहे, ओहोटीला नदीचं गढूळ पाणी बाहेर येतं, म्हणून त्या बाजूची डाइव्ह भरती चढत असताना घ्यावी. एवढं सांभाळूनही कधी हात लांब केल्यावर बोटं धूसर दिसतील इतकं पाणी खराब मिळतं. अशा पाण्यात जोडीदाराला न सोडता डाइव्ह करायची सवय लागली तर अंदमानच्या पाण्यात तुम्ही निम्म्या लोकांपेक्षा शांत असाल.

आता वहिनींचे कान, कारण सगळा बेत त्यावर अडेल. पाण्याचा दाब पहिल्या दहा मीटरमध्येच दुप्पट होतो. पुढच्या दहा मीटरमध्ये तो तेवढाच वाढतो खरा, पण प्रमाणात दीडपटच. म्हणून कान दुखतात ते वरच्या दोन-तीन मीटरमध्ये, खोल गेल्यावर नव्हे. पडद्यामागच्या पोकळीत घशाकडून येणाऱ्या बारीक नळीने हवा पोचवावी लागते. ती वेळेवर पोचली नाही तर दाबाने नळीचं तोंड मिटतं आणि मग कितीही जोर लावला तरी उघडत नाही. दीड मीटरच्या आतच हे घडू शकतं. पर्यटकांच्या डाइव्हमध्ये पुढची होडी थांबलेली असते, गाइड घाईने खाली नेतो, माणूस दुखल्यावर नाक दाबतो. तोवर उशीर झालेला असतो.

करायचं असं. पाण्यावर तरंगत असतानाच, दुखण्याची वाट न बघता, नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकी फुंकर मारायची. दोन्ही कानांत बारीक 'टक्' व्हायला हवं, म्हणजे कान सुटले. मग नांगराचा दोर धरून, पाय खाली ठेवून उतरायचं आणि दर अर्ध्या मीटरला तेच करायचं. डोकं खाली करून उतरलं तर कान सुटायला जास्त त्रास होतो. टोचल्यासारखं वाटलं की थांबायचं, मीटरभर वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. काहींना फुंकरीपेक्षा नाक धरून आवंढा गिळणं जमतं. जोर लावून फुंकू नये, त्याने आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते. आजपासून घरी दिवसातून पाच-सहा वेळा हलक्या हाताने सराव करा. एकच कान सुटत नसेल तर कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. नाकाचं हाड वाकडं असणं किंवा कानात मळ घट्ट बसणं ही नेहमीची कारणं आहेत. आणि सर्दी असेल त्या दिवशी डाइव्ह नाही. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच संपला तर वर येताना हवा आत अडकते, आणि ते दुखणं उतरतानाच्या दुखण्यापेक्षा वाईट, कारण वर तर यावंच लागतं. उतरण्याचा वेग वहिनींचा असेल तोच तुमचा, हे गाइडला होडीवरच सांगून ठेवा.

दुसरी अडचण नाकातल्या पाण्याची. मास्कमध्ये थोडं पाणी शिरलं की नवीन माणूस सवयीने नाकाने श्वास ओढतो, ठसका लागतो आणि तो वर सुटतो. श्वास रोखून वर येणं हा स्कूबातला सगळ्यात मोठा धोका आहे. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांना मीटर-सव्वा मीटरचं वर येणंसुद्धा इजा करू शकतं. यावर सराव घरीच करा: बादलीत पाणी घेऊन, मास्क न लावता, स्नॉर्कल तोंडात धरून चेहरा बुडवा आणि पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्या. हे जमलं की मास्क रिकामा करणं सोपं: वरची कड कपाळावर दाबायची, नजर किंचित वर, नाकाने सावकाश सोडायचं. पाणी खालून निघून जातं.

हवेचा हिशेब स्वतःला यायला हवा. नेहमीचा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटरचा, २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरलेला. ५० बार राखून ठेवायचे, म्हणजे वापरायला १५० बार, साधारण १,६६५ लिटर. शांत माणूस पाण्याबाहेर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असं धरा. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून तीच ४० होते आणि सिलिंडर चाळीस मिनिटं पुरतो. १८ मीटरवर ५६, म्हणजे जेमतेम तीस मिनिटं. नवशिका धापा टाकत हातपाय मारत असतो, त्याला वीस-पंचवीस मिनिटंच मिळतात. हवा वाचवायला श्वास रोखू नका, हालचाल कमी करा. हात छातीशी, पाय मांडीपासून संथ. बरेच जण शिशाची वजनं जास्त लावल्यामुळे दमतात. बुडू नये म्हणून जॅकेटमध्ये हवा भरायची, ती वर न्यायला लागली की काढायची, पुन्हा भरायची, यातच डाइव्ह संपते. खाऱ्या पाण्यात तलावापेक्षा दोन-अडीच किलो जास्त लागतात, पण त्याहून जास्त गाइडने दिली तर विचारा. तपासणी डाइव्हच्या शेवटी करा, कारण हवा संपत आली की सिलिंडर सुमारे दोन किलो हलका होतो: ५० बार उरलेले असताना, जॅकेट रिकामं करून, नेहमीचा श्वास घेऊन पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं.

हॅवलॉकचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, तिकिटांवर ते दिसेल. फेब्रुवारी चांगला महिना निवडलात. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) फेरीने पोचायचं, डाइव्ह ठेवू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोर्सच्या चार डाइव्ह होतील, बहुधा नीमो रीफसारख्या उथळ जागी. मग चौथ्या-पाचव्या दिवशी तिथेच अॅडव्हान्स्ड कोर्सच्या पाच डाइव्ह करा असं मी सुचवेन. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या नावाजलेल्या जागा १८ मीटरच्या खाली आहेत आणि ३० मीटरचं कार्ड नसेल तर त्यांचा नुसता माथाच बघायला मिळतो. सहावा दिवस कोरडा: फेरीने पोर्ट ब्लेअरला परत यायचं आणि रात्र तिथेच काढायची. हवा बिघडली तर फेरी रद्द होते, म्हणून विमानाच्या दिवशीच बेट सोडायचा बेत करू नका. शिवाय एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. चोवीस तास ठेवले तर उत्तम.

हाच नियम घाटालाही लागतो, हे आपल्याकडे फार कमी लोक सांगतात. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, आणि ६०० मीटरच्या वर चढणं विमानप्रवासासारखंच धरतात. किल्ल्याजवळच्या सहा मीटरच्या डाइव्हनंतर काळजी नको. पण मालवणात दोन दिवस कोर्सच्या खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी आंबोलीमार्गे बेळगाव गाठायचं, हे करू नका.

दूरच्या बेटावर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मदत पोचायला लागणाऱ्या वेळेची. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन बाहेर पडला तर खांदा-कोपर दुखणं, मुंग्या, अंगावर लाल चट्टे, विनाकारण गळून जाणं अशी लक्षणं काही तासांनीही येतात. उपचार दाबाच्या चेंबरमध्ये होतो आणि तो पोर्ट ब्लेअरला नौदलाच्या रुग्णालयात आहे, हॅवलॉकवर नाही. तोवर शुद्ध ऑक्सिजन हाच आधार. म्हणून बुकिंग करताना विचारा: होडीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आणि मास्क असतो का, तो किती वेळ पुरतो, एका गाइडमागे किती जण, रात्री रुग्ण हलवायची वेळ आली तर काय करता. चार जणांपेक्षा जास्त गट असेल तर मी दुसरीकडे विचारेन. उत्तर द्यायला कंटाळा करणाऱ्याकडे जाऊच नका. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेक वेळा वगळलेलं असतं, डायव्हिंगचा वेगळा विमा घ्या. खाली असताना वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबा, गाइड घाई करत असला तरी.

होडीबद्दल: बोट लागत असेल तर गोळी निघण्याआधी तासभर घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. पोटाला पेज किंवा केळं पुरे. लाइफ जॅकेट बसल्यापासून अंगात, मांडीवर नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट बुडून दोन पर्यटक गेले. डाइव्ह सुखरूप झाली तरी किनाऱ्यापर्यंतचं पाणी उरलेलंच असतं.

आणि एक कळकळीची विनंती. माशांना ब्रेड-बिस्किटं घालणारा गाइड मिळाला तर स्पष्ट नको म्हणा, दोन्हीकडे. मासे फोटोपुरते गोळा होतात, पण प्रवाळावरचं शेवाळ खाणं सोडून होडीमागे फिरायला लागतात, आणि शेवाळ वाढलं की प्रवाळ गुदमरतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तरी नांगर थेट प्रवाळावर टाकणारे आजही दिसतात. गिऱ्हाईकाने विचारलं की फरक पडतो, गाइडने एकट्याने सांगून पडत नाही. प्रवाळाचा मेलेला तुकडाही उचलू नका: कायद्याने बंदी आहे आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामान तपासतात.

विकत घ्यायचा तर फक्त मास्क घ्या, बाकी सगळं भाड्याने मिळतं. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवून नाकाने ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर तुमचा. नवीन काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने तीन-चार वेळा घासून काढा, नाहीतर सारखं धुकं धरेल. मिशी असेल तर नाकाखालची बोटभर पट्टी साफ करा, पाणी तिथूनच शिरतं. आणि वैद्यकीय प्रश्नावली आत्ताच मागवून घ्या. दमा, फिट, हृदयविकार, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया यांतल्या कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरांची सही लागते. ती कणकवलीत मिळेल, हॅवलॉकच्या जेट्टीवर उतरल्यावर शोधावी लागली तर दोन दिवस त्यातच जातील.