टाक्या भरलेल्या, पान मात्र पुसट

प्रश्न : मी माजलगाव (जि. बीड) येथे आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. कार्ट्रिजवर (शाईच्या डबीवर) चालणाऱ्या माझ्या एप्सनच्या चार रंगी प्रिंटरला दोन वर्षांपूर्वी बाहेरून शाईच्या टाक्या आणि नळ्यांचे किट बसवून घेतले होते. एप्रिलपासून सातबारा किंवा दाखला छापताना पानाचा वरचा भाग ठळक येतो आणि खाली अक्षरे पुसट होत जातात. पिवळा रंग कधी येतो, कधी येत नाही. टाक्या निम्म्याहून अधिक भरलेल्या आहेत. दिवसातून पाच-सहा वेळा हेड क्लीनिंग (कागदावर शाई सोडणारे हेड साफ करण्याची प्रिंटरमधील सोय) करूनही फरक पडत नाही. दुकानदार म्हणतात की हेड गेले, नवा प्रिंटर घ्या. जुलैत पीक विम्याच्या अर्जांची गर्दी होईल. त्याआधी किट बदलून काम भागेल का?

उत्तर : हेड गेले असा निष्कर्ष इतक्या लवकर काढू नये. हेडची छिद्रे बुजलेली असली, तर पानाच्या पहिल्या ओळीपासूनच ठरावीक जागी पांढऱ्या रेघा दिसतात. आपल्याकडे सुरुवात ठळक होऊन पुढे शाई कमी पडते, म्हणजे हेड काम करीत आहे. त्याच्यापर्यंत शाई पुरेशा वेगाने पोहोचत नाही. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की विहीर भरलेली असूनही पाणी चढत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. खात्रीसाठी नोझल चेकची (हेडची छिद्रे तपासणाऱ्या छपाईची) तीन पाने लागोपाठ काढून शेजारी ठेवावीत. तुटक रेषा तिन्ही पानांवर एकाच जागी असतील तर छिद्रे बुजली आहेत, आणि त्या जागा बदलत असतील तर नळीत हवा आहे.

सर्वप्रथम टाक्यांची जागा पाहावी. टाक्या आणि प्रिंटर एकाच टेबलावर, एकाच पातळीवर असले पाहिजेत. जागा अडते म्हणून टाक्या खालच्या फळीवर ठेवल्या की शाई मागे ओढली जाते, आणि प्रिंटरच्या डोक्यावर ठेवल्या की ती हेडमधून गळून रंग एकमेकांत मिसळतात. त्यानंतर टाकीवरची बुचे तपासावीत. बहुतेक किटमध्ये प्रत्येक टाकीला दोन छिद्रे असतात : मोठे शाई भरण्यासाठी आणि लहान हवा आत येण्यासाठी. छपाई चालू असताना मोठे बंद आणि लहान उघडे असावे लागते. लहान छिद्रावरची जाळी धुळीने बुजली किंवा टाकी कलंडल्याने शाईत भिजली, तर हवा आत शिरत नाही आणि हवेच्या जागेवाचून शाईही पुढे सरकत नाही. ती जाळी काढून एक पान छापून पाहावे. ते खालपर्यंत ठळक आले, तर दोष तेथेच सापडला. जाळी बदलावी, किटला हात लावू नये. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी येथेच मिटतात, आणि दुकानदार मात्र येथे क्वचितच पाहतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर झाकणाखाली नळी कोठे दबते का आणि तिच्यात हवेचे तुकडे दिसतात का ते पाहावे. हवा असल्यास ती सिरिंजने कार्ट्रिजच्या तळाच्या छिद्रातून शाईसह सावकाश ओढून काढावी.

हेड क्लीनिंग मात्र आजपासून थांबवावे. लागोपाठ दोन-तीन वेळांपेक्षा अधिक केल्याने शाई वाया जाते, आणि शाई पोहोचतच नसेल तर हवाच हेडपर्यंत ओढली जाते. त्याऐवजी प्रिंटर बंद करून सहा ते बारा तास विसावू द्यावा. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यातून वीज जाते. छपाई चालू असताना वीज गेली तर हेड आपल्या टोपीखाली परतत नाही आणि उघड्यावर वाळते. असा प्रिंटर छापताना दहा-वीस वॅटच वीज घेतो, म्हणून त्याला संगणकाच्या यूपीएसवर ठेवणे सहज शक्य आहे. रात्री बोर्डाचे बटण नव्हे, तर प्रिंटरचेच बटण दाबून तो बंद करावा.

हे सारे करूनही नळ्या कडक होऊन चिरलेल्या, किंवा कार्ट्रिजशी जोडणारे रबर सैल झालेले आढळले, तर किट बदलावे. नवे किट प्रिंटरच्या मॉडेल क्रमांकाप्रमाणेच घ्यावे, कारण त्यातील चिप (प्रिंटरला कार्ट्रिजची ओळख पटवणारा तुकडा) मॉडेलनुसार असते. जुने काढण्यापूर्वी नळ्या कोठून कशा नेल्या आहेत त्याचा मोबाइलवर फोटो काढावा. टाकी भरताना लहान छिद्र बंद व मोठे उघडे ठेवावे, भरून झाल्यावर उलट करावे. हे विसरल्यास शाई लहान छिद्राच्या कप्प्यात चढून टेबलावर सांडते. कार्ट्रिज बसवण्याआधी सिरिंजने शाई ओढून नळ्या पूर्ण भरून घ्याव्यात. नंतर वीज बंद ठेवून कॅरेज (हेड वाहून नेणारा सरकता भाग) हाताने डावीकडून उजवीकडे शेवटापर्यंत सरकवावी. कोणत्याही टोकाला नळी ताणली जाता कामा नये, आणि ती इतकी सैलही नसावी की झाकणात अडकेल. शाई पूर्वीच्याच जातीची घ्यावी. डाय (विरघळलेल्या रंगाची) आणि पिगमेंट (बारीक रंगकणांची) शाया एकमेकींत मिसळल्यास गाळ धरतो आणि मग दुकानदाराचे म्हणणे खरे ठरते.

खर्चाचा विचार करता, नळ्या किंवा जाळ्यांपुरताच दोष असेल तर किट बदलणे योग्य आहे. रोज शेकडो प्रती निघत असतील आणि हेडही खरोखर बुजले असेल, तर कारखान्यातूनच टाकी बसवून आलेला प्रिंटर घेणे शहाणपणाचे. एप्सनने असे प्रिंटर २०१० मध्ये प्रथम इंडोनेशियात आणले, आणि बाहेरून टाक्या लावण्याची ग्राहकांची सवय हेच त्यामागचे एक कारण होते.

प्रश्न : आमच्या फोटो स्टुडिओतील प्रिंटरचे दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकत होते. कारागिराने सॉफ्टवेअरने ‘रिसेट’ करून दिले. महिनाभरातच प्रिंटरच्या बुडातून शाई पाझरू लागली. टाकी फुटली असेल का? — एक वाचक, उदगीर

उत्तर : टाकी नव्हे. क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या स्पंजच्या गादीत मुरते आणि ती भरत आल्याचा हिशेब यंत्र ठेवते; दिवे त्याचीच सूचना देत होते. कारागिराने तो हिशेब पुसला, पण गादी भरलेलीच राहिली. नवी गादी बसवून घ्यावी आणि तोवर प्रिंटरखाली जाड वर्तमानपत्र अंथरावे. शाईचे डाग फरशीवरून सहजासहजी निघत नाहीत.