शुल्क शून्य झाले, तरी माल सीमेवर का थांबतो?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे परदेशी बाजारात पाऊल टाकू पाहणाऱ्या लहान-मध्यम कंपन्यांची आहेत. त्यांतील चार प्रश्न निवडले आहेत. पहिल्या दोहोंची उत्तरे लांबली आहेत, कारण अडचणींचे मूळ तेथेच आहे.

प्रश्न : दोन देशांमध्ये मुक्त व्यापार करार होऊन आमच्या वस्तूवरील आयात शुल्क शून्यावर आले, म्हणून आम्ही यंत्रांचे सुटे भाग पाठवले. तेथील सीमाशुल्क कार्यालयाने मात्र पूर्ण शुल्क आकारले. करार असताना असे कसे घडते?

उत्तर : करारातील सवलत मालाला आपोआप लागू होत नाही. ती आयातदाराने मागावी लागते आणि माल करारातील देशातच तयार झाला आहे हे कागदोपत्री सिद्ध करावे लागते. यामागचे कारण समजून घेतले, तर पुढचा त्रास बराच टळेल. जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांनी एका देशाला दिलेली शुल्क-सवलत इतर सर्व सदस्यांनाही द्यावी, असे १९४७ च्या गॅट कराराचे (शुल्क आणि व्यापारविषयक सर्वसाधारण कराराचे) पहिलेच कलम सांगते. द्विपक्षीय करार हा त्या नियमाला चोविसाव्या कलमाने दिलेला अपवाद आहे. सवलत दोघांपुरतीच असल्याने तिसऱ्याच देशाचा माल त्या वाटेने आत शिरू नये, यासाठी प्रत्येक करारात मूळस्थानाचे नियम घातलेले असतात.

आपल्या सुट्या भागातील पोलाद एका देशाचे, बेअरिंग दुसऱ्या देशाचे आणि जोडणी आपल्या कारखान्यातील असेल, तर तो भाग नेमका कोणत्या देशाचा? काही करार म्हणतात की बाहेरून आणलेला कच्चा माल आणि तयार वस्तू यांच्या वर्गीकरण क्रमांकाचे (सीमाशुल्कासाठी प्रत्येक वस्तूला दिलेल्या क्रमांकाचे) पहिले चार अंक बदलले पाहिजेत. काही करार किमतीचा ठरावीक हिस्सा करारातील देशांतच निर्माण व्हावा असा आग्रह धरतात, तर काहींना विशिष्ट प्रक्रिया तेथेच झालेली हवी असते. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्यातील जुन्या करारात मोटारींसाठी हा हिस्सा ६२.५ टक्के होता. १ जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कराराने तो ७५ टक्क्यांवर नेला. एवढे सिद्ध करायचे, तर सुटे भाग पुरवणाऱ्या प्रत्येकाकडून लेखी जबाब घ्यावे लागतात आणि ते पुढील तपासणीसाठी काही वर्षे जपून ठेवावे लागतात.

दुसरी मेख वर्गीकरणातच आहे. वस्तूंना हे क्रमांक देणारी जागतिक सीमाशुल्क संघटनेची एचएस कोड पद्धत १९८८ पासून लागू आहे, पण ती सहा अंकांपर्यंतच सर्वत्र सारखी असते. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या सोयीने जोडतो. शिवाय तोच भाग एका अधिकाऱ्याला यंत्राचा अवयव वाटतो आणि दुसऱ्याला स्वतंत्र वस्तू वाटते. त्यावरून शुल्कही बदलते आणि मूळस्थानाचा नियमही. यावर एक चांगला उपाय उपलब्ध आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही, याचे मला वाईट वाटते. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी लागू झालेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभीकरण करारात, माल पाठवण्यापूर्वीच त्याचे वर्गीकरण आणि मूळस्थान यांबाबत आयात करणाऱ्या देशाकडून लेखी आगाऊ निर्णय मिळवण्याची तरतूद आहे. असा निर्णय त्यात ठरलेल्या मुदतीपर्यंत त्या देशाच्या सीमाशुल्क विभागावर बंधनकारक असतो.

हे सारे पुरावे जमवण्याचा खर्च वाचणाऱ्या शुल्कापेक्षा अधिक होत असेल, तर कंपन्या सवलत न घेता नेहमीचे शुल्क भरून मोकळ्या होतात. मोठ्या कंपनीकडे यासाठी स्वतंत्र विभाग असतो. लहान कंपनीत हे काम हिशेब पाहणाऱ्या एकाच माणसावर येऊन पडते. म्हणूनच किती वस्तूंवरील शुल्क शून्य झाले यावरून कराराचे यश मोजण्याची पद्धत मला अपुरी वाटते. ज्यांच्यासाठी करार केला, त्यांच्यापैकी कितीजणांना ती सवलत घेता आली, हे विचारायला हवे.

प्रश्न : दर्जा, लेबल, चाचणी अशा अटी म्हणजे स्थानिक उद्योगाला दिलेले छुपे संरक्षणच नव्हे काय?

उत्तर : कधी तसे असते, कधी नसते; आणि दोहोंतला फरक ओळखता येणे फार महत्त्वाचे आहे. उघड उदाहरण फ्रान्सचे आहे. ऑक्टोबर १९८२ मध्ये तेथील सरकारने आदेश काढला की आयात होणारे सर्व व्हिडिओ रेकॉर्डर बंदरांपासून दूर, देशाच्या अंतर्भागातील प्वातिए येथील छोट्याशा सीमाशुल्क कार्यालयातूनच सोडवून घ्यावेत. शुल्क तसूभरही वाढले नव्हते, बंदी नव्हती, तरीही मोजक्या कर्मचाऱ्यांपुढे जपानी मालाचे ढीग साचले. पुढच्याच वर्षी जपानने युरोपीय समुदायाकडे जाणारी ही निर्यात मर्यादित ठेवण्याचे मान्य केले.

पण बहुतेक अटी इतक्या उघड नसतात. युरोपातील १९८९ च्या एका नियमानुसार ‘सार्डिन’ हे नाव केवळ एकाच जातीच्या डबाबंद माशाला वापरता येत असे. पेरूचा मासा जवळच्या दुसऱ्या जातीचा असल्याने त्याला ते नाव नाकारले गेले, आणि नाव गेले की गिऱ्हाईकही गेले. अन्नविषयक आंतरराष्ट्रीय मानकांत तर देशाचे किंवा जातीचे नाव जोडून ‘सार्डिन’ म्हणण्यास मुभा होती. पेरूने जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २००२ मध्ये अपिलातही निकाल पेरूच्या बाजूने लागला. त्यानंतर युरोपीय संघाने नियमात बदल केला.

या निकालाचा आधार त्याच संघटनेचा व्यापारातील तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार होता. देशाने नियम करावेत, आरोग्य आणि सुरक्षितता जपावी, परंतु उद्दिष्टासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक अडथळा निर्माण करू नये आणि योग्य आंतरराष्ट्रीय मानक असल्यास त्याचा आधार घ्यावा, असे तो सांगतो. कीटकनाशकांचे अंश किंवा विजेच्या उपकरणांची सुरक्षितता यांबाबतच्या कडक अटींना मी संरक्षणवाद म्हणणार नाही, कारण त्या देशी उत्पादकालाही तितक्याच कडकपणे लागू असतील, तर तक्रारीला जागा उरत नाही. मला खटकते ती एकाच चाचणीची पुनरावृत्ती. आपल्या देशात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने दिलेला अहवाल दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जात नाही, आणि तीच चाचणी तेथे पुन्हा करावी लागते. परस्पर मान्यतेचे करार हा त्यावरचा उपाय आहे. शुल्कातील आणखी एखादा टक्का कमी करण्यापेक्षा वाटाघाटी करणाऱ्यांनी त्याला आधी हात घालावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याला करता येण्याजोगी एक गोष्टही आहे. सदस्य देशांना असे नवे नियम मसुद्याच्या अवस्थेतच जागतिक व्यापार संघटनेला कळवावे लागतात आणि हरकतींसाठी साधारणतः ६० दिवस देण्याची शिफारस आहे. शिवाय प्रत्येक देशात चौकशी केंद्र असणे बंधनकारक आहे. आपल्या वस्तूसंबंधीच्या मसुद्यावर आपल्या सरकारमार्फत वेळेत हरकत नोंदवणे, हे नंतर वाद लढण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

प्रश्न : एखाद्या देशाशी व्यापारात तूट असणे म्हणजे त्याने आपल्याला बाजार नाकारला, असा अर्थ घ्यावा काय?

उत्तर : केवळ तुटीवरून तसे म्हणता येणार नाही. २००९ च्या आयफोनचा अभ्यास या संदर्भात नेहमी आठवतो. सुमारे १७९ डॉलर उत्पादनखर्चापैकी चीनमधील जोडणीचा वाटा जेमतेम साडेसहा डॉलर होता, पण निर्यातीच्या आकड्यांत संपूर्ण फोन चीनच्या नावावर जमा होत असे. म्हणजे तुटीचा आकडा खरे चित्र दाखवतोच असे नाही. बाजार बंद आहे की नाही, हे त्या बाजाराचे नियम वाचूनच कळते.

प्रश्न : स्थानिक एजंट नेमून सुरुवात करणार आहोत. करारनाम्यात काय पाहावे?

उत्तर : करारनाम्याच्याही आधी ट्रेडमार्क पाहावा. अनेक देशांत जो आधी अर्ज करतो त्याचाच हक्क प्रबळ ठरतो, आणि पुष्कळदा तो आधीचा अर्ज एजंटाचाच निघतो. मायदेशी अर्ज केल्यापासून सहा महिन्यांच्या आत औद्योगिक संपदेविषयीच्या पॅरिस करारातील अन्य देशात अर्ज केल्यास मूळ तारखेचा अग्रक्रम मिळतो. ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या माद्रिद पद्धतीने एकाच अर्जात अनेक देश निवडता येतात. करारनाम्यात मात्र संबंध संपवण्याचे कलम सर्वांत बारकाईने वाचावे. युरोपीय संघाच्या १९८६ च्या निर्देशानुसार करार संपल्यावर एजंटाला भरपाई मागता येते. तेथे दोन पर्यायी पद्धती असून, त्यांपैकी एकीत ही रक्कम मागील पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाच्या कमिशनपर्यंत जाऊ शकते. आणि एजंटाचे नुकसान होईल अशा रीतीने हा हक्क करार संपण्यापूर्वीच सोडून देण्याचे कलम तेथे टिकत नाही. आपला मसुदा कोणत्या देशाच्या कायद्याखाली येतो हे तेथील वकिलाकडून सहीपूर्वीच तपासून घ्यावे.