काळं दिसलं म्हणून ऑइल बदलायचं का?

प्रश्न : सर, बाणेरला आमच्या ऑफिस बिल्डिंगमध्ये आर-१३४ए गॅसचा स्क्रू चिलर (सेंट्रल एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं मशीन) आहे. एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार) म्हणतो दरवर्षी कॉम्प्रेसरचं ऑइल बदला, आणि यंदा साइट ग्लासमध्ये (ऑइल दिसायची काच) काळपट दिसतंय म्हणून मागेच लागलाय. बदलू का? आणि घरच्या स्प्लिट एसीचं पण बदलायचं असतं का हो?

उत्तर : घरच्याचं आधी उरकतो. त्याचा कॉम्प्रेसर म्हणजे वेल्ड केलेला डबा, ड्रेन प्लगच नसतो, त्यामुळे सर्व्हिसिंगच्या बिलात कोणी ऑइल चेंज लावला असेल तर त्याला विचारा बाबा काढलंस कुठून.

आता चिलर. आपल्याला बाइकची सवय, इतके किलोमीटर झाले की ऑइल काढ. पण तिथे पेट्रोल जळून काजळी होते, इथे गॅस आणि ऑइल सीलबंद सर्किटमध्येच फिरतं, जळत काहीच नाही, म्हणून नुसतं वर्ष झालं हे कारण मला पटत नाही (मॅन्युअलमध्ये तास दिले असतील तर वॉरंटीपुरते पाळा, वाद नको). रंगावर तर जाऊच नका. तुमच्यात पीओई (एक प्रकारचं सिंथेटिक) ऑइल असणार, ते हवेतलं पाणी शोषतं, मग त्या पाण्याने ऑइलच फुटून ॲसिड होतं आणि मोटर गॅसमध्येच बसलेली असेल तर वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं, आणि हे सगळं होत असताना ऑइल दिसायला पाण्यासारखं स्वच्छ असू शकतं! म्हणून सॅम्पल लॅबला द्या: मॉइश्चर, ॲसिड नंबर (ऑइलमध्ये ॲसिड किती), लोखंड-तांब्याचे कण. मशीन चालून गरम झाल्यावर घ्या, व्हॉल्व्हमधलं पहिलं थोडं टाकून द्या, कोरडी बाटली गळ्यापर्यंत भरा, लगेच झाकण, वर रनिंग अवर्स लिहा. एका रिपोर्टपेक्षा मागच्या वर्षीचा शेजारी ठेवून बघितला तर जास्त कळतं, आकडा चढतोय का ते.

मोटर जळाली किंवा चिलरमधली पाण्याची ट्यूब फुटून गॅसमध्ये पाणी शिरलं तर मात्र रिपोर्टची वाट नको, ऑइल, फिल्टर आणि ड्रायर कोअर (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) सगळंच बदला, नीट व्हॅक्यूम मारून (आतली हवा-ओलावा पंपाने खेचून).

उगाच बदलण्यात तोटाच. एका प्लांट रूममध्ये मी भर जुलैत, बाहेर धो धो पाऊस, पीओईचा अर्धा कॅन तोंडाला फडकं कोंबून ठेवलेला बघितलाय, आणि तेच ऑइल "नवीन" म्हणून आत जाणार होतं. तुमच्याकडे बदलायची वेळ आलीच तर सील तुमच्यासमोर फोडायला लावा, फुटलेला कॅन आणला तर गेटवरूनच परत पाठवा.