डाळिंबाने रक्त वाढतं का?

प्रिय मनू,

तुझा मेसेज आला तेव्हा मी मीटिंगमध्ये अडकलो होतो. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो प्रश्न नव्हता, म्हणून आज निवांत लिहितोय. तुझं हिमोग्लोबिन कमी आलं, तू ते व्हिडिओ कॉलवर आजीला सांगून मोकळी झालीस आणि आजीने लगेच फर्मान काढलं, "रोज एक डाळिंब खा, रक्त वाढेल." त्यावर तुझं म्हणणं असं की, बाबा, हे खरं आहे का? आणि आपल्याकडे कुणीही आजारी पडलं की सगळे डाळिंबच का घेऊन येतात?

पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण ते तुझ्या तब्येतीशी संबंधित आहे. डाळिंबाने रक्त वाढत नाही. निदान आजी म्हणते तसं तर नाहीच. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असतं जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. तुझ्या वयाच्या मुलीला, तू राहतेस त्या अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे, दिवसाला १८ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे नुसत्या डाळिंबावर भागवायचं तर रोज सहा किलो दाणे खावे लागतील. एका मध्यम फळातून दीडशे ग्रॅम दाणे निघतात असं धरलं तरी रोजची चाळीस डाळिंबं झाली. ती सोलायला तुला कॉलेज सोडावं लागेल.

दाण्यांचा तो लालभडक रंग लोहाचा नाही, अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा आहे. लाल ते रक्ताला चांगलं, हा आपल्या लोकांचा जुना हिशेब. बिटालाही तोच लावतात. गंमत अशी की आमच्या लहानपणी सांगोल्यात जे डाळिंब सगळीकडे होतं ते 'गणेश'. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत निवडलेली ही जात, दाणे मऊ आणि गोड, पण रंगाने फिकट गुलाबी. आज दुकानात जो गडद लाल 'भगवा' दिसतो, तो राहुरीच्या कृषी विद्यापीठाने २००० नंतर आणला. म्हणजे आजी त्या फिकट दाण्यांनीसुद्धा आमचं रक्त वाढवतच होती.

तेव्हा डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या नेमाने घे. जेवणात डाळी, राजमा, पालक असू दे आणि वर लिंबू पिळत जा, 'क' जीवनसत्त्वाने डाळी-भाज्यांतलं लोह जास्त शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा नको, त्याने उलट होतं. ही सवय तुला आमच्याकडूनच लागली आहे, पण आता मोड.

आता दुसरा प्रश्न. त्यात आजीची बाजू बरीच भक्कम आहे.

आजारी माणसाच्या तोंडाला चव नसते. पोळी-भाजी नको वाटते, दुधाने मळमळतं. अशा वेळी थोडं आंबट, थोडं गोड, चावायला हलकं असं काहीतरी लागतं. चरकसंहितेत उलटी थांबवणाऱ्या दहा द्रव्यांची यादी आहे, तिच्यात महाळुंग, बोर, साळीच्या लाह्या यांच्या पंगतीला डाळिंब बसलेलं आहे. वैद्य आजही पोटाच्या तक्रारींवर दाडिमाष्टक चूर्ण देतात. आजीने चरक वाचलेला नाही, पण ताप उतरत आलेल्या माणसाला ती वाटीभर दाणे आणि चिमूटभर सैंधव देते, ते याच परंपरेतून.

शिवाय व्यवहाराचा भाग आहेच. जाड सालीचं फळ फ्रीजशिवाय आठवडाभर सहज टिकतं. फोडेपर्यंत आतल्या दाण्याला कुणाचा हात लागलेला नसतो. दवाखान्यात भेटायला जाताना पिशवीत द्राक्षं चिरडतात, केळी काळी पडतात, डाळिंब जसंच्या तसं पोचतं. म्हणून मोसंबी, शहाळं आणि डाळिंब ही आपल्याकडची आजाऱ्याला भेटायला जातानाची ठरलेली फळं.

आणि आमच्या भागात तर ते घरचंच. सांगोला, आटपाडी, पंढरपूर हा सगळा कमी पावसाचा पट्टा. ऊस परवडायचा नाही तिथे डाळिंबाने घरं उभी केली. या झाडाची एक खासियत तू पाहिलेली नाहीस. वर्षातून कधी फळ घ्यायचं ते शेतकरी ठरवतो. मृग, हस्त की आंबे बहार, ते ठरलं की बाग ताणावर सोडतात, म्हणजे पाणी तोडतात. झाड पानं गाळतं, वाळल्यासारखं दिसतं. मग छाटणी, खत आणि पाणी, की नव्या पालवीबरोबर शेंदरी फुलं धरतात. तिथून फळ हाती यायला पाच-सहा महिने. उन्हाने फळं भाजू नयेत म्हणून लोक झाडांवर जुन्या साड्या पांघरतात. रस्त्यावरून जाताना अख्खी बाग लुगडी नेसून उभी असल्यासारखी दिसते. आता साड्यांच्या जागी पांढरं कापड आलं आहे. पण तेल्या पडला की त्या कापडाचाही उपयोग नसतो. फळावर काळे तेलकट डाग पडतात, ती तडकतात आणि वर्षभराची मेहनत उकिरड्यावर जाते. त्या रोगापायी कित्येकांनी बागा काढून टाकल्या.

मग डाळिंबाचा फायदा काय, असं तू विचारशील. आहे की. शंभर ग्रॅम दाण्यांत चार ग्रॅम चोथा आहे, पोटॅशियम आहे, फोलेट आहे, थोडं 'क' जीवनसत्त्व आहे, आणि उष्मांक ऐंशीच्या आसपास. त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या वनस्पतिजन्य द्रव्यांवर बरंच संशोधन झालंय. रस पिणाऱ्यांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर वरचा रक्तदाब थोडा उतरलेला दिसतो. थोडाच, गोळी बंद करण्याइतका नव्हे. आपल्या आतड्यातले जिवाणू डाळिंबातल्या काही घटकांपासून युरोलिथिन नावाची द्रव्यं बनवतात, तीही अभ्यासाचा विषय आहेत. पण प्रत्येकाच्या पोटात ते जिवाणू नसतात, त्यामुळे एकाला लागू पडलं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही. एवढ्यावर थांबावं. तुमच्या अमेरिकेत एका मोठ्या रस कंपनीने, पॉम वंडरफुलने, आपला रस हृदयरोग आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरवर गुणकारी असल्याच्या जाहिराती केल्या. त्या दिशाभूल करणाऱ्या आहेत हा सरकारी आयोगाचा निर्णय अपील कोर्टाने २०१५ मध्ये कायम केला. आजी निदान बाटली विकत नाही.

बाटलीचा विषय निघालाच आहे तर ऐक. तू लिहिलंस की सोलायचा कंटाळा येतो, रस आणते. आणू नकोस. एका कपभर रसात तीसेक ग्रॅम साखर असते आणि चोथा जवळजवळ शून्य. वर लेबल नीट वाचलं नाहीस तर ते डाळिंबही नसायचं. कोकाकोलाच्या मिनिट मेडचा 'पॉमग्रॅनेट ब्लूबेरी' नावाचा एक प्रकार होता, त्यात डाळिंबाचा रस होता ०.३ टक्के. बाकी बहुतेक सफरचंद आणि द्राक्षं. त्यावरून खटला झाला, २०१४ मध्ये थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. खटला भरणारी कोण? वर सांगितलेली तीच रस कंपनी!

तेव्हा फळच घे. तुमच्याकडे कॅलिफोर्नियाचा हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी, म्हणजे आत्ता चालूच आहे. तिथलं 'वंडरफुल' जातीचं डाळिंब आपल्या भगव्यापेक्षा आंबट आणि बी जरा कडक, पण चांगलं असतं. भगवा हवाच असेल तर इंडियन स्टोअरमध्ये विचारून बघ, २०२५ पासून तो जहाजाने अमेरिकेत यायला लागलाय. घेताना रंगावर जाऊ नकोस. हातात घेऊन वजन बघ, दिसतं त्यापेक्षा जड लागलं पाहिजे. गुळगुळीत गोल फळापेक्षा बाजूंनी किंचित चपटं, कोन आलेलं फळ भरलेलं असतं, कारण दाणे आतून साल ढकलतात. सालीवर ओरखडे असले तर असू देत, मऊ पडलेला भाग नको. आणि कच्चं घेऊन घरी पिकवू म्हणशील तर ते होणार नाही, झाडावरून उतरल्यावर डाळिंब पिकत नाही.

सोलायची आजीची पद्धत सांगतो. मधोमध कधीच कापायचं नाही, निम्मे दाणे तिथेच फुटतात. मुकुटाच्या भोवती सुरीने उथळ गोल चीर देऊन ते झाकण उचलायचं. आत पांढऱ्या पडद्यांच्या पाच-सहा रेघा मध्यातून कडेला गेलेल्या दिसतील. बाहेरून नेमक्या त्या रेघांवर वरून खालपर्यंत चिरा द्यायच्या, फक्त साल कापेल इतक्याच. मग दोन्ही अंगठे मध्ये घालून उलगडायचं, फोडी आपोआप सुट्या होतात. दाणे पाण्याच्या भांड्यात बोटाने सुटे कर. दाणे तळाशी बसतात, कडवट पडदे वर तरंगतात, ते काढून टाक. आजी हे पूर्वी लोखंडी विळीवर करायची आणि पातं काळंनिळं व्हायचं. सालीतलं टॅनिन लोखंडाला लागलं की असं होतं. तू स्टीलची सुरी घे, आणि पांढरा शर्ट घालून बसू नकोस.

एका वेळी दोन-तीन फळं सोलून डब्यात ठेवलीस तर फ्रीजमध्ये चार-पाच दिवस जातात. बी थुंकायचं नाही, चावून खायचं, चोथ्यातला बराचसा तिथेच आहे.

नुसते खायचा कंटाळा आला तर दहीभातात घाल. फोडणी ओतून भात निवला की मग दाणे, आधी घातलेस तर दही गुलाबी होतं आणि दाणे मलूल. दडप्या पोह्यांवर तर हवेतच. पातळ पोहे, कांदा, ओलं खोबरं (फ्रोझन चालेल), हिरवी मिरची, लिंबू, शेंगदाण्याची फोडणी, आणि अगदी शेवटी मूठभर दाणे. वर पिळलेल्या लिंबाने पोह्यांतलं लोहही कामी येईल, म्हणजे आजीचं डाळिंब आणि तुझ्या डॉक्टरांचं लोह एकाच ताटात. केळ्याच्या कोशिंबिरीतही छान लागतात, मात्र तिला तूप-जिऱ्याचीच फोडणी दे.

आजीच्या डब्यातली वाळवलेली साल तुला आठवत असेल, जुलाब झाले की ती उकळून देते. टॅनिनमुळे ती स्तंभक, म्हणजे जुलाब आवरणारी, आहे हे खरं, पण तू तिथे एकटी असताना तो प्रयोग नको. मीठ-साखरेचं पाणी पी आणि दवाखान्यात जा. मुळाची साल तर चुकूनही नाही, तिच्यात विषारी द्रव्यं असतात. आणि आजोबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, त्यामुळे त्यांना रोजचा पेलाभर रस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा असं मी आजीला सांगून ठेवलंय. दाण्यांबद्दल ती माझं ऐकणार नाही, वाटीभर देणारच.

आजीशी बोलताना ०.३ मिलिग्रॅमचा हिशेब काढत बसू नकोस. रोज खाते म्हण, आणि खरंच खा, गोळ्यांबरोबर. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितलंय ना? रिपोर्ट आधी मला पाठव, मग आजीला सांग. आकडा वाढला तर श्रेय कुणाला जाणार ते आपल्याला माहीत आहेच.

तुझा,
बाबा