ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणीही न निवडलेला जेम्स हॅरिसन एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम बचावपटू झाला, तो फक्त ताकदीच्या जोरावर का?

नाही. शेकडो किलोंची स्लेड (वजनं लादलेली घसरगाडी) ढकलतानाचे त्याचे व्हिडिओ बघून तसं वाटणं साहजिक आहे, पण ताकद त्याच्याकडे २००२ मध्येही होती आणि तरीही पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला पुन्हापुन्हा काढून टाकलं होतं. त्याची कारकीर्द घडली ती दुसऱ्याची जागा रिकामी झाल्यामुळे, आणि ती रिकामी होईपर्यंत त्याला संघाचे डाव पाठ झालेले असल्यामुळे.

आधी ड्राफ्टचं बघू. केंट स्टेट विद्यापीठाकडून तो डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीच्या टोकाला, खेळायचा. उंची सहा फूट, वजन साधारण ११० किलो. एनएफएलच्या मोजमापात डिफेन्सिव्ह एंडसाठी हे फारच कमी, आणि बाहेरच्या लाइनबॅकरला (पहिल्या फळीच्या मागचा, कडेचा बचावपटू) लागतं तसं मागे सरकून पास अडवण्याचं काम त्याने फारसं केलेलं नव्हतं. सात फेऱ्या संपल्या तरी नाव पुकारलं गेलं नाही. अशा खेळाडूला निदान संघ निवडता येतो (निवडले गेलेल्यांना तेवढीही मुभा नसते), पण शाश्वती शून्य. मुख्य संघात ५३ जण. त्याबाहेर सरावाचा संघ, जो आज १६ जणांचा असतो, तेव्हा फक्त ५ जणांचा होता. नव्या खेळाडूला काढलं की चोवीस तास इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगता येतो. कुणी सांगितला नाही तर तो मोकळा, म्हणजे बेकार.

स्टीलर्सची बचावाची रचना ३-४ होती (पुढे तीन जण, त्यांच्यामागे चार लाइनबॅकर) आणि झोन ब्लिट्झचे डाव किचकट. त्यात कोण धावून जाणार आणि कोण मागे सरकणार हे समोरची मांडणी बघून शेवटच्या क्षणी बदलतं. हॅरिसनचा सुरुवातीचा अडथळा हाच होता. डाव कळला नाही की तो सरावात मध्येच थांबून मला बाहेर काढा म्हणायचा, असं त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर सांगितलं आहे. मधल्या काळात बाल्टिमोर रेव्हन्सने त्याला घेतलं, एनएफएल युरोपमध्ये जर्मनीच्या ऱ्हाइन फायरकडे खेळायला पाठवलं आणि परत आल्यावर काढलं.

२००४ च्या उन्हाळ्यात स्टीलर्सच्या क्लार्क हॅगन्सच्या हाताला वजनं उचलताना दुखापत झाली आणि सराव शिबिरापुरता एक लाइनबॅकर हवा होता. हॅरिसन परत आला. या वेळी तो टिकला तो किकऑफ आणि पंटच्या, म्हणजे चेंडू लाथेने मारला जातो तेव्हा खेळणाऱ्या, पथकांमुळे. राखीव लाइनबॅकरला मुख्य संघात ठेवायचं तर प्रशिक्षक आधी हेच बघतात. त्याच नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँडला सामन्याआधीच्या हाणामारीबद्दल स्टीलर्सचा नियमित लाइनबॅकर जोई पोर्टरला बाहेर काढलं आणि हॅरिसनला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळायला मिळालं. २००७ मध्ये पोर्टर संघातूनच गेला, तेव्हा जागा कायमची मिळाली. हॅरिसन तोवर २९ वर्षांचा होता. त्याच मोसमात रेव्हन्सविरुद्ध साडेतीन सॅक (पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला पास जाण्याआधीच पाडणं), तीन फंबल (समोरच्याच्या हातून चेंडू पाडणं) आणि एक इंटरसेप्शन (समोरच्यांचा पास पकडणं), सगळं एका रात्रीत. ज्यांनी काढलं होतं त्यांनाच हा आहेर, हे बाल्टिमोरवाल्यांना किती झोंबलं असेल ते सोडा.

आता तंत्र, कारण खरी मजा इथे आहे. तो बचावाच्या उजव्या टोकाला उभा राहायचा, म्हणजे समोर डावा टॅकल, क्वार्टरबॅकचा राखणदार: साडेसहा फुटांच्या आसपास उंची, १४० किलो. हॅरिसनची कमी उंची इथे कामी आली. चेंडू हलताच पहिली दोन-तीन पावलं बाहेरून जोरात, मग आतला, म्हणजे डावा खांदा खाली घालून टॅकलच्या हातांखालून शिरायचं आणि तोच हात खालून वर झटकत त्याची पकड सोडवायची. उंच टॅकलला तेवढं खाली वाकता येत नाही, मग तो गळ्याला नाहीतर जर्सीला धरतो. त्यात दोन धोके. फार झुकलं तर पाय घसरतो. आणि वळण मोठं घेतलं तर आपण क्वार्टरबॅकच्या मागून निघून जातो, तो एक पाऊल पुढे सरकून निवांत पास टाकतो. म्हणून दुसरा डावही हवा: टॅकल बाहेरची बाजू राखायला लवकर सरकू लागला की थेट छातीत घुसून त्याला मागे रेटायचं. आणि क्वार्टरबॅकपर्यंत पोचल्यावर नुसतं पाडायचं नाही, चेंडूच्या हातावर फटका मारायचा. २००८ मध्ये त्याचे १६ सॅक झाले आणि त्याने ७ फंबल घडवले. ड्राफ्टमध्ये न निवडलेल्या खेळाडूला सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ.

त्या मोसमाचा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, १ फेब्रुवारी २००९ ला टँपामध्ये झाला. पूर्वार्ध संपायला १८ सेकंद, स्टीलर्स १०-७ ने पुढे, ॲरिझोना कार्डिनल्स गोलरेषेपासून एक यार्डावर. डाव ब्लिट्झचा (क्वार्टरबॅकवर धावून जाण्याचा) होता, हॅरिसनने धावून जायचं होतं. पण एवढ्या कमी वेळात त्यांचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर चेंडू हातात ठेवणार नाही, आतल्या बाजूला आखूड पास टाकेल, हे त्याने ताडलं. पुढे जाण्याची हूल दिली, मागे सरकला, अँक्वान बोल्डिनसाठीचा पास गोलरेषेवर पकडला आणि १०० यार्ड धावला. सात गुण जायच्या ऐवजी मिळाले. स्टीलर्सने सामना २७-२३ ने जिंकला. अंदाज चुकला असता तर डाव मोडल्याचं खापर त्याच्याच माथी फुटलं असतं. २००३ चा हॅरिसन हे करूच शकला नसता.

पैशाचं थोडक्यात. २००९ मध्ये त्याला सहा वर्षांचा ५ कोटी डॉलरहून जास्तीचा करार मिळाला. असा आकडा वाचला की त्यातली हमीची रक्कम किती हे आधी विचारावं, कारण बाकीचे पैसे खेळाडू संघात राहिला तरच मिळतात. चार मोसमांनंतर मानधन कमी करण्यावर एकमत झालं नाही आणि मार्च २०१३ मध्ये स्टीलर्सने त्याला सोडलं. दंड वेगळेच. २०१० मध्ये क्लीव्हलँडच्या मोहम्मद मॅसाक्वॉयला दिलेल्या धडकेबद्दल ७५ हजार डॉलर ठोठावले गेले, जे पुढे कमी झाले. २०११ मध्ये क्लीव्हलँडचाच क्वार्टरबॅक कोल्ट मकॉयला हेल्मेट लागल्याबद्दल एका सामन्याची बंदी. डोक्यावरच्या धडकांबद्दलची लीगची भूमिका त्याच सुमारास कडक झाली आणि तो तिचा ठळक आरोपी ठरला. माझ्या मते मकॉयवरची बंदी योग्यच होती, त्याची तक्रार काहीही असो.

सिनसिनाटीच्या संघात एक मोसम काढून तो सप्टेंबर २०१४ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच महिन्यात स्टीलर्सकडे परत आला, कारण त्यांचा लाइनबॅकर जार्व्हिस जोन्स जखमी झाला होता. २०१६ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने स्टीलर्सचा सॅकचा विक्रम मोडला. २०१७ मध्ये मात्र टी.जे. वॉट हा नवा लाइनबॅकर आला आणि हॅरिसन बाकावर बसला. २३ डिसेंबरला स्टीलर्सने त्याला काढलं, तीन दिवसांत न्यू इंग्लंडच्या संघाने घेतलं, आणि मोसमाच्या शेवटच्या साखळी सामन्यात जेट्सविरुद्ध त्याने दोन सॅक केले. कारकिर्दीत एकूण ८४.५ सॅक, त्यांपैकी ८०.५ स्टीलर्ससाठी.