शेजारी काउंटी, नियम वेगळा

प्रश्न : मुलगी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात असते. तिथे एका काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) पोलीस परदेशी माणसाचे कागद तपासतात, शेजारच्या काउंटीचे नाहीत. असं का? – एक आई, हर्णै

उत्तर : ताई, १९९६ साली तिथल्या केंद्रीय कायद्यात कलम २८७(जी) आलं. स्थानिक पोलीस केंद्राशी करार करून हे काम अंगावर घेऊ शकतात. कलमाची सक्ती नाही. माझ्या मते वस्ती झपाट्याने बदलली आणि निवडणूक तोंडावर आली, की कडकपणा येतो. व्हर्जिनियातल्याच प्रिन्स विल्यम काउंटीत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांची, वस्ती भराभर वाढली. जुलै २००७मध्ये पोलिसांनी असे कागद तपासावेत असा ठराव झाला, नोव्हेंबरात मतदान होतं. आपल्याकडे १९५०च्या करारामुळे नेपाळी खलाशाला व्हिसा लागत नाही, तरी जेटीवर काही बिघडलं की पहिला संशय त्याच्यावरच. हे मला फार सलतं. मुलीला ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहण्याचा परवाना, असेल तर ते कायम जवळ बाळगायला सांगा. तिथे तसा कायदाच आहे.