खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले, आमच्या झेडपी शाळेत त्यांच्या आठवणीत काय कार्यक्रम ठेवावा?

फोटोला हार अन् दोन मिनिटं उभं राहणं एवढंच करायचं असेल तर विचारायची गरजच नाही, ते आपल्याकडं कोणासाठीही होते. माझं म्हणणं, पोरांकडून त्यांचा पत्रिकेचा प्रयोग करून घ्या.

२० मे २०२५ ला ते गेले तेव्हा सगळीकडं त्यांचे गुरू हॉईल, केंब्रिज, त्यांनी पुण्यात उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था आयुका, पद्मविभूषण हेच. बरोबर आहे. पण आमच्या दारव्हा तालुक्यातल्या घरात नारळीकर आले ते मंगळामुळे. ताईचं पुसदला जमलं होतं, पोरगा मास्तर, देणंघेणं नाही, साड्याही पाहून झाल्या अन् मग त्यांनी पत्रिका मागितली. कडक मंगळ निघाला म्हणे. मोडलं. पण त्यांच्यापेक्षा राग आला तो आमच्या मोठेबाबांचा, कारण ते भर बैठकीत म्हणाले, "त्यायचं बराबर आहे, पोराच्या जीवाचा सवाल आहे." ताई आत भाकरी करत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

पुढं २००८ च्या सुमारास नारळीकरांच्या चाचणीचं पेपरात आलं. शंभर हुशार अन् शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका, ओळखा कोणती कोणाची. सत्तावीस ज्योतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरं दिली, त्यातली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती! कात्रण मोठेबाबांपुढं ठेवलं तर म्हणे, "त्यायले येत नसन, आपल्या महाराजायले येते." मंग बसवा ना महाराजाले परीक्षेले, म्हटलं, तर उठून वावरात गेले.

तर तुम्ही गावातल्याच पत्रिका जमा करा, कोण नोकरीवाला कोण शेतकरी ते ओळखायला लावा, बरोबर कशाला म्हणायचं ते आधीच लिहून ठेवा, अन् बाजूला एका पोराला नाणं उडवत बसवा. आमच्या गावात ठेवलं तर चहापाण्याचा खर्च माझा, फक्त मोठेबाबांना पहिल्या रांगेत खुर्ची द्या.

हां, आरतीसारखं भाषण नको. बिग बँग, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हा सिद्धांत, त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही अन् बहुतेक शास्त्रज्ञ तर तोच मानतात, हेही पोरांना सांगा. एका चाचणीनं सगळं ज्योतिष खोटं ठरते असंही नाही. हेडमास्तर आधी पटवा. अन् नाव, जन्मगाव सगळं झाका, जन्मवेळेवरूनही आपल्याकडं म्हाताऱ्या बाया माणूस ओळखतात.